टाकीसाठी तपासलेलं पाणी

खाऱ्या पाण्याची टाकी घरात आणायची ठरली तेव्हा आईने एवढंच विचारलं, "मिठाच्या पाण्यात मासे जगतील का रे भाऊ?"

मी म्हणालो, "आई, समुद्र खाराच असतो ना."

"समुद्र देवाने केलाय. ही टाकी तू करणार," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

आमचं शहर सीमेवरचं, घरात मराठी आणि बाहेर हिंदी; आमचं कापडाचं दुकान तिथल्या इतवारा बाजारात आहे. घरही तिथेच होतं, दुकानाच्या मागे दोन खोल्या. मागच्या वर्षी आम्ही शहराबाहेरच्या नव्या कॉलनीत राहायला गेलो. घर मोठं, हवेशीर, मागच्या भिंतीला लागूनच केळीचे बाग. नळाची लाइन तिथवर आलेली नव्हती, म्हणून प्रत्येकाच्या अंगणात आपापलं बोअरिंग होतं. आमच्या बोअरिंगला पाणी भरपूर होतं, चवीला गोड होतं. आलेल्या पाहुण्याला मी कौतुकाने एक ग्लास प्यायला द्यायचो.

टाकीचं वेड मी इंदूरहून आणलं. माल घ्यायला गेलो होतो, तिथल्या एका व्यापाऱ्याच्या घरी भिंतीएवढी टाकी होती. त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे एका हलणाऱ्या झुडपासारख्या जिवात शिरून बसले होते. मी चहा विसरून ते बघत राहिलो. नव्या घराच्या बैठकीतली एक भिंत रिकामी होती, तिचं काय करायचं ते मला तिथेच समजलं.

माशांच्या दुकानदाराने मला आधी घाबरवलं. "भैया, इस शौक में मछली नहीं पालते, पानी पालते हैं," तो म्हणाला. टाकीत दगड, वाळू आणि मिठाचं पाणी भरून काही आठवडे नुसता पंप चालवायचा. त्या काळात पाण्यात आधी अमोनिया वाढतो, मग तो खाणारे जंतू तयार होतात, मग अमोनियाचं नायट्राइट होतं आणि त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मगच मासा सोडायचा. त्याने मला तपासणीचा एक डबा दिला. त्यात काचेच्या नळ्या, थेंबांच्या छोट्या बाटल्या आणि रंगांचं एक कार्ड होतं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, थांबायचं आणि जो रंग येईल तो कार्डाशी जुळवायचा.

मी स्वभावाने भित्राच. दुकानाचं कुलूप लावून निघालो की अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन ते ओढून बघणाऱ्यातला. त्यामुळे रोज सकाळी ती नळी मी दोन-दोनदा उजेडात धरून बघायचो. अमोनियाचा पिवळा रंग हिरव्याकडे झुकला की दिवसभर दुकानात मन लागायचं नाही. बायको मुलींच्या शाळेत शिकवते. शाळेचा जेवणाचा डबा भरता भरता ती म्हणायची, "अहो, त्यात अजून एकही मासा नाही. मरणार कोण आहे?"

त्याच दिवसांत माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. तिचं सासर भुसावळला, मेहुणे रेल्वेत. दिवाळीनंतर तिला मुलगी झाली. बाळंतपण नीट झालं, पण पुढे बहिणीला ताप आला, छातीत गाठ झाली, आणि तिचं दूध आटलं. डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळाला डब्यातल्या पावडरचं दूध सुरू केलं. ते काम आईने कुणालाही करू दिलं नाही. सकाळी उठून ती पातेलंभर पाणी गाळायची, खळखळून उकळायची, अर्धं आटेपर्यंत आचेवर ठेवायची आणि मग थर्मासमध्ये भरायची. बाटल्याही वेगळ्या उकळायची. "तान्ह्या जिवाचं पाणी आहे, खेळ नाही," असं तिचं म्हणणं.

जानेवारीत थंडी वाढली. एका सकाळी मी टाकीजवळ बसलो होतो तेव्हा बहीण बाळाला घेऊन उन्हात आली आणि म्हणाली, "दादा, हिचे ओठ बघ ना. काळपट वाटतात का?"

मी पाहिलं. जांभळासारखा एक फिकट रंग होता खरा. आई आतून म्हणाली, "थंडीने होतं तसं. टोपी घाल तिला. आणि रंग बापाच्या वळणावर चाललाय, सावळा." बहीण हसली, पण तिचं हसणं लगेच मावळलं. "पूर्वी किती जोरात रडायची," ती म्हणाली. "आता रडता रडता दमते."

तेव्हा मी माझ्या नळीत अडकलो होतो.

कारण त्या दिवशी मी पहिल्यांदा नायट्रेट तपासलं होतं. ही तपासणी सगळ्यात शेवटची, टाकी तयार होत आली की करायची. तिच्या दुसऱ्या बाटलीचं औषध तळाला बसतं, म्हणून ती टाकण्याआधी खूप जोरात हलवावी लागते. मी ती हात दुखेपर्यंत हलवली. नळीतलं पाणी पिवळं झालं, नारिंगी झालं, आणि मी बघत असताना लाल होत गेलं. कार्डावरच्या शेवटच्या खणाइतकं लाल. त्यापुढे कार्डच नव्हतं.

मी दुकानदाराला फोन लावला.

"इतनी जल्दी इतना नाइट्रेट नहीं आता," तो म्हणाला. "पानी कौन सा डाला था?"

"बोअरिंग का. मीठा पानी है हमारा."

"आरओ का बोला था ना आपको? पहले वो बोअरिंग का पानी चेक करो. टंकी को छोड़ो."

मी अंगणातल्या नळाखाली नळी धरली, थेंब टाकले, आणि पायरीवर बसून राहिलो. साध्या, मीठ न घातलेल्या पाण्याचा रंगही तसाच चढत गेला. शेवटी तोही कार्डावरच्या शेवटच्या खणाला जाऊन भिडला. वाटलं, औषधच खराब असेल. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घरात होतं, ते नळीत घेतलं. ते पिवळं ते पिवळंच राहिलं. म्हणजे औषध ठीक होतं. मग बोअरिंगचं पाणी अर्धं आणि बॅटरीचं अर्धं असं मिसळून पाहिलं. तरी लाल, म्हणजे प्रमाण कार्डाच्याही पुढे होतं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. माशांचा जीव वाचला, असं मनात आलं. टाकी रिकामी करावी लागेल, आरओ बसवावं लागेल, एवढाच हिशेब डोक्यात होता. हे नायट्रेट येतं तरी कुठून, ते बघायला मी मोबाइल उघडला. शेतातल्या खतातून, असं लिहिलं होतं. युरिया जमिनीत मुरतो आणि खालच्या पाण्यात उतरतो. मी मान वर केली. भिंतीपलीकडे केळीची पानं हलत होती, ठिबकच्या नळ्यांतून त्यांना खत जात होतं. वर्षानुवर्षं जात आलं होतं. आमच्याही नातेवाइकांचे बाग आहेत, त्यांत कुणाला दोष द्यायचा?

त्याच पानावर खाली एक ओळ होती. असं पाणी मोठ्यांना सहसा बाधत नाही, पण त्यात कालवलेलं बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. ओठ, नखं निळसर पडतात. बाळ मलूल होतं. आणि पुढे, पाणी उकळल्याने हे जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं.

मी उठलो ते मला आठवतं. स्वयंपाकघरात आई थर्मासमधलं पाणी बाटलीत ओतत होती.

"आई, थांब."

"काय झालं?"

"ते पाणी देऊ नकोस."

"उकळलेलं आहे रे. सकाळी स्वतः उकळलंय मी."

मी तिच्या हातातून थर्मास घेतला. त्यातलं पाणी नळीत ओतलं आणि थेंब टाकले. आई, बहीण आणि बायको ओट्याभोवती उभ्या राहिल्या. या वेळी रंग चढायला वेळच लागला नाही. नळी लाल झाली, मग जवळजवळ काळपट लाल.

बहिणीने विचारलं, "दादा, हा रंग कशाचा आहे?"

ज्या पाण्यात मी मासा सोडायला धजलो नसतो, ते तिची मुलगी कित्येक आठवडे पीत होती. मी फक्त म्हणालो, "शाल घे. आपण डॉक्टरांकडे जातोय."

बायकोने बाळाला उचललं आणि खिडकीशी नेऊन तिचा हात उलटा केला. नखं राखाडी होती. सकाळच्या उन्हात ती इतकी स्पष्ट दिसत होती की आत्तापर्यंत आपल्याला कशी दिसली नाहीत, याची मला भीती वाटली. बाळ डोळे मिटून होतं. बायकोने तिच्या तळव्याला टिचकी मारली. तिने डोळे उघडले, रडायला तोंड उघडलं, आणि आवाज न करताच डोळे पुन्हा मिटले.

मुलांचे डॉक्टर शहरात, आमच्यापासून गाडीने फार लांब नाहीत. पण त्या दिवशी शनवारा चौकाजवळ गर्दी लागली. एक ट्रॉली केळीचे घड घेऊन आडवी झाली होती. मी हॉर्न दाबून ठेवला. मागे बहीण एकसारखी बाळाच्या नाकापुढे बोट धरत होती. "श्वास आहे," ती म्हणायची. थोड्या वेळाने पुन्हा, "आहे."

डॉक्टरांनी बाळाच्या पायाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. आकडा बघून त्यांनी भुवया आवळल्या आणि लगेच नाकाला ऑक्सिजन दिला. आकडा वर सरकला नाही. छाती ऐकली, हृदय ऐकलं. "दिल तो ठीक लगता है," ते स्वतःशीच म्हणाले.

मी नळ्या आणि कार्ड खिशात घालून आणलं होतं. ते टेबलावर ठेवताना मला संकोच वाटला. माशांचा डबा घेऊन मी डॉक्टरांना काय शिकवणार? पण मी बोललो. "डॉक्टरसाहब, हमारे बोअरिंग में नाइट्रेट बहुत है. बच्ची उसी पानी का दूध पीती है. उबालकर."

त्यांनी कार्ड हातात घेऊन पाहिलं. मग नर्सला म्हणाले, "एक बूंद खून लो." तो थेंब त्यांनी पांढऱ्या कागदावर टिपला, आणि शेजारी स्वतःच्या बोटाचा एक थेंब काढून टिपला. मग कागद हवेत हलवला. त्यांच्या रक्ताचा डाग लाल होता. बाळाचा चॉकलेटसारखा तपकिरी होता, आणि हवेत धरूनही तपकिरीच राहिला.

माझ्या बहिणीने तो कागद पाहिला. ती किंचाळली नाही. "हे हिचं रक्त आहे?" एवढंच तिने विचारलं आणि खाली बसली.

"इसका इलाज है," डॉक्टर लगेच म्हणाले. "पर वो इंजेक्शन यहाँ नहीं है मेरे पास. जलगाँव में मिल जाएगा. मैं फोन करता हूँ, आप एम्बुलेंस में बैठो. और वो पानी अब एक बूंद नहीं."

रावेर, सावदा, भुसावळ. हा रस्ता मी मालाच्या निमित्ताने किती वेळा केला असेन. त्या दिवशी तो संपेना. रुग्णवाहिकेत बहीण बाळाला धरून, तिच्याजवळ एक नर्स, आणि मी पुढे चालकाशेजारी. मागे वळून बघायची मला हिंमत होत नव्हती. मी समोरच्या छोट्या आरशात बघायचो, त्यात फक्त बहिणीची कानटोपी दिसायची. टोपी हलली की वाटायचं, काहीतरी झालं. हलली नाही की वाटायचं, संपलं.

भुसावळच्या बाहेर मेहुणे रस्त्यावर उभे होते. फोनवर त्यांना मी नीट सांगू शकलो नव्हतो. ते आत चढले, बाळाकडे पाहिलं, आणि मग मधल्या खिडकीतून पुढे माझ्याकडे. "पाण्याने?" त्यांनी विचारलं. "घरच्या पाण्याने?" मी मान हलवली.

जळगावच्या दवाखान्यात बाळाला आणि बहिणीला आत घेतलं आणि दार लागलं. दाराला गोल काच होती. मी तिथून पाहिलं, एक डॉक्टर सिरिंज भरत होते आणि तिच्यातलं औषध गडद निळं होतं. शाईसारखं. तसल्याच निळ्या औषधाची बाटली त्या दुकानदाराने मला दिली होती, माशांना बुरशी लागली तर वापरायला. आधीच निळ्या पडलेल्या पोरीच्या अंगात ते निळं औषध जाताना मी पाहिलं आणि काचेपासून बाजूला झालो. नंतर डॉक्टरांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "हो, औषध तेच. पण हे माणसांसाठी शुद्ध केलेलं. ते तुमचं बाटलीतलं चुकूनही वापरू नका कुणाला."

दार उघडलं तेव्हा बहीण आधी बाहेर आली. तिचा चेहरा बघून मला काहीच कळेना. ती हसत होती का रडत होती?

"दादा," ती म्हणाली, "गुलाबी झाली. डोळ्यांदेखत गुलाबी झाली रे."

आतून रडण्याचा आवाज आला. मोठा, रागावलेला, दम न लागता चाललेला. मेहुणे तोंड फिरवून खिडकीकडे गेले. संध्याकाळी बाळाने लंगोट ओला केला तर तो निळसर हिरवा. बहीण पुन्हा घाबरली. नर्स हसून म्हणाली, "औषध निघतंय ताई, घाबरू नका."

बाळ बरं झालं, पण बहीण आमच्या घरी परत आली नाही. मेहुण्यांनी सरळ सांगितलं, "आता तिकडेच राहू दे." त्यात राग होता की नुसती भीती, मला सांगता येणार नाही. मीही आग्रह केला नाही. तिचे कपडे आणि बाळाची झबली मी पिशवीत घालून पोचवली.

कॉलनीत बातमी पसरली आणि लोक बाटल्या घेऊन यायला लागले. आमच्या बैठकीत सोफ्यावर, पायऱ्यांवर बसून नळीकडे टक लावून बघायचे. समोरच्या घरातल्या काकू सुनेला सोबत घेऊन आल्या. सुनेला सातवा महिना होता. मी थेंब टाकले. रंग नारिंगीपाशी थांबला नाही. सुनेने पोटावर हात ठेवला. काकू म्हणाल्या, "दुसरी बाटली भरून आणू का? ही धुतलेली नव्हती नीट." त्यांनी दुसरी आणली. तीही लाल झाली. धूलकोट गावाकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांचं पाणी मात्र फिकट पिवळं निघालं आणि ते इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सगळ्यांना सांगायचो, हा माशांचा डबा आहे, सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या. त्यांनी तपासलं आणि तिथेही तेच निघालं. मग टँकर सुरू झाला, ज्यांना जमलं त्यांनी आरओ बसवले. आमच्या घरीही बसलं.

टाकी मी उपसून टाकणार होतो. बायकोने अडवलं. "तिच्यामुळे कळलं ना," ती म्हणाली. मग आरओच्या पाण्यात मीठ कालवून ती पुन्हा भरली, पुन्हा आठवडे थांबलो, आणि शेवटी दोन मासे सोडले. बघणाऱ्याला ते छान वाटतात. मी अजूनही नळी हातात घेतली की आधी ती दोनदा धुतो.

पण सगळ्यांत जास्त बदलली ती आई. तिला कुणी काही बोललं नव्हतं. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की आजींनी जे केलं ते कुणीही केलं असतं. ती ऐकून घ्यायची. पण तिने कुणाला पाणी देणंच सोडलं. पाहुणा आला की बायकोला हाक मारायची, "सूनबाई, पाणी आण." बायको शाळेत असली तर गप्प बसून राहायची. एकदा उन्हातून आलेल्या पोस्टमनने पाणी मागितलं, तर तिने त्याला सांगितलं, "शेजारी माग, बाबा." मी दुकानातून आल्यावर तिने मला ते स्वतःच सांगितलं आणि मग जेवली नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. मला वाटलं नव्हतं, पण बहीण आली. मेहुणेच घेऊन आले. गाडीच्या डिकीत त्यांनी घरून भरलेला पाण्याचा कॅन आणला होता. तो त्यांनी मुकाट्याने उतरवला आणि मी मुकाट्याने आत ठेवला. बाळ आता बसू लागलं होतं, टाकीच्या काचेवर हात आपटत होतं. दुपारी ऊन कडक झालं. बहिणीने वाटी-चमचा काढला, मला वाटलं कॅनकडे जाईल. ती आरओच्या नळाशी गेली, वाटी भरली आणि आईपुढे आणून ठेवली.

"आई, तिला तहान लागलीये. पाज."

आई म्हणाली, "तू पाज."

"नाही. तू पाज."

मेहुणे दारात उभे होते. आईने माझ्याकडे पाहिलं. "तपासलंयस?" तिने विचारलं.

"सकाळीच तपासलंय."

तरी तिने आधी एक चमचा स्वतः घेतला. तोंडात धरला, मग गिळला. बाळ चमच्याकडे झेपावत होतं. मग आईने दुसरा चमचा भरला आणि डावा हात त्याच्याखाली धरून नातीच्या तोंडाशी नेला.